जिंकणारे मूल आणि दुखणारी पाठ

"डॉक्टर, मुलाला खेळात घालायचंय. कितव्या वर्षापासून सुरू करावं?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर येतो. पूर्वी पालक विचारीत, "खेळामुळे अभ्यासाचं नुकसान तर होणार नाही ना?" काळ बदलला, ही चांगलीच गोष्ट झाली. मैदानावर घाम गाळणारे मूल घरात टीव्ही आणि मोबाईलपुढे बसलेल्या मुलापेक्षा केव्हाही निरोगी. मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. सुरुवात केव्हा करावी हे सगळे विचारतात. किती खेळावे आणि विश्रांती केव्हा घ्यावी हे विचारणारा पालक क्वचितच भेटतो. आणि ज्याचे मूल जिंकू लागले आहे, तो तर हे कधीच विचारीत नाही.

म्हणून आज वाचकांना एका जिंकणाऱ्या मुलीची हकिगत सांगतो. तिचे नाव ट्रेसी ऑस्टिन.

पावणेसतरा वर्षांची विजेती

ट्रेसीचा जन्म 12 डिसेंबर 1962 चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. घरात ती सर्वांत धाकटी आणि थोरली भावंडेही टेनिस खेळणारी. आई गावच्या टेनिस क्लबातल्या दुकानात काम करायची. त्यामुळे आपल्याकडे शिक्षकाचे मूल जसे शाळेच्या पटांगणात वाढते, तशी ही मुलगी टेनिस कोर्टाच्या कडेला वाढली. वयाच्या चौथ्या वर्षी तिचे छायाचित्र एका टेनिस मासिकाच्या मुखपृष्ठावर छापून आले होते. दहाव्या वर्षी तिने बारा वर्षांखालील मुलींची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

1977 साली, चौदा वर्षांची असताना, ती विम्बल्डनला खेळली. दोन वेण्या, दातांना तारा आणि झालरीचा फ्रॉक! तिसऱ्या फेरीत ख्रिस एव्हर्टने तिला सहज हरवले. पण त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचली. हे सगळे हौशी खेळाडू म्हणून, शाळा सांभाळून चालले होते. 1978 च्या ऑक्टोबरात ती व्यावसायिक खेळाडू झाली आणि 1979 च्या सप्टेंबरात अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पुन्हा एव्हर्टसमोर उभी राहिली. एव्हर्टने त्याआधीची सलग चार वर्षे ही स्पर्धा जिंकलेली. ट्रेसीने तिला 6-4, 6-3 असे हरवले. तेव्हा ती पावणेसतरा वर्षांची होती. अमेरिकन ओपन इतक्या लहान वयात आजवर दुसऱ्या कोणीही जिंकलेले नाही.

1980 च्या एप्रिलमध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी भाऊ जॉन याच्याबरोबर तिने विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. तिच्या खेळाचे मर्म होते चिकाटी. कोर्टाच्या मागच्या रेषेवर उभे राहून, दोन्ही हातांनी रॅकेट धरून, समोरची थकेपर्यंत चेंडू परत पाठवत राहायचे. बघणाऱ्याला वाटे, ही मुलगी दमतच नाही.

मन दमत नव्हते, हे खरे. शरीराने मात्र हिशेब ठेवला होता. 1981 च्या सुरुवातीला सायाटिकाच्या दुखण्यामुळे, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या वेदनेमुळे, तिला काही महिने खेळ थांबवावा लागला. ती परतली आणि त्या वर्षीच्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात मार्टिना नवरातिलोवाविरुद्ध पहिला सेट 1-6 असा गमावून पुढचे दोन्ही सेट टायब्रेकरवर जिंकली. वय अठरा, आणि हे तिचे शेवटचे ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद ठरले. पुढे पाठीच्या तक्रारी परत परत येत राहिल्या. एकविशीला पोचेपर्यंत तिची खरी कारकीर्द संपल्यात जमा होती. नंतर तिने परतण्याचा प्रयत्न केला, तोच 1989 मध्ये मोटार अपघातात पायाला जबर दुखापत झाली. 1992 साली टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली, तेव्हा ती फक्त एकोणतीस वर्षांची होती. इतक्या लहान वयात हा मान दुसऱ्या कोणाला मिळाला नव्हता. पण ज्या वयात अनेक खेळाडू ऐन भरात असतात, त्या वयात हिच्या खेळाचा इतिहास लिहून झाला होता.

ती एकटीच नव्हती

कोणी म्हणेल, एखादीचे नशीब. पण तिच्या पाठोपाठ आलेली अँड्रिया येगर पाहा. चौदाव्या वर्षी व्यावसायिक, 1980 साली पंधराव्या वर्षी अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी, 1981 मध्ये जगात दुसरा क्रमांक, 1982 साली फ्रेंच ओपनची आणि 1983 साली विम्बल्डनची अंतिम फेरी. आणि 1984 च्या फ्रेंच ओपनमध्ये खांदा निकामी! वय अठरा. पुढे खांद्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. ती पूर्वीच्या ताकदीने खेळायला परत येऊ शकली नाही. तिने नंतर कर्करोग झालेल्या मुलांसाठी आयुष्य वाहिले, हा तिचा मोठेपणा.

तिसरी जेनिफर कॅप्रियाती. 1990 च्या मार्चमध्ये, चौदावा वाढदिवस महिन्याच्या आतच येणार असताना, ती व्यावसायिक झाली आणि पहिल्याच स्पर्धेत अंतिम फेरीत गेली. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिने स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक घेतले. 1993 मध्ये अमेरिकन ओपनला पहिल्याच फेरीत हरली आणि खेळातून बाहेर पडली. 1994 मध्ये गांजा बाळगल्यावरून तिला अटक झाल्याची बातमी जगभर छापली गेली. इथे पाठीआधी मन थकले होते. ही मुलगी पुढे उठून उभी राहिली. 2001 साली तिने ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच अशा दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, 2002 मध्ये ऑस्ट्रेलियन पुन्हा जिंकली. पण उमेदीची मधली वर्षे गेली ती गेलीच.

अशी उदाहरणे डोळ्यांपुढे आल्यावर महिला टेनिसच्या संघटनेने 1994 साली तज्ज्ञांची समिती नेमली आणि 1995 पासून वयाचा नियम लागू केला. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यावसायिक स्पर्धा नाहीत. चौदा ते सतरा या वयात वर्षाला ठरावीकच स्पर्धा. वय वाढेल तशी संख्या वाढते. अठरा पूर्ण झाल्यावर बंधन नाही. नियमानंतर काही वर्षांनी आढावा घेतला तेव्हा असे दिसले की, अकाली खेळ सोडणाऱ्या मुलींचे प्रमाण घटले आहे आणि कारकीर्दी लांबल्या आहेत. कोको गॉफ हे अलीकडचे उदाहरण. 2019 साली पंधराव्या वर्षी तिने विम्बल्डनला व्हीनस विल्यम्सला हरवले, तरी त्या वर्षी तिला मोजूनच स्पर्धा खेळता आल्या. तेव्हा पुष्कळांनी नियमावर टीका केली. 2023 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती अमेरिकन ओपन जिंकली.

थोडक्यात, तिथे कोणीतरी मोजायला बसले. आपल्या गावातल्या मुलांचे मोजणारे कोण?

कोवळे हाड म्हणजे लहान आकाराचे मोठे हाड नव्हे

हे समजून घेण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहू. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक मऊ पट्टा असतो. त्याला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. हाडाची लांबी इथून वाढते. साधारणपणे मुलींमध्ये चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा वर्षांपर्यंत हे पट्टे भरून येऊन हाड पक्के होते. तोवर हा पट्टा त्या हाडातला सर्वांत कच्चा भाग. मोठ्या माणसाचा स्नायू किंवा अस्थिबंध जिथे ताणला जातो, तिथे मुलाचा हा पट्टा दुखावतो.

दुसरी गोष्ट, मूल सारख्या गतीने वाढत नाही. मुलींमध्ये साधारण अकरा-बाराव्या आणि मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी उंची एकदम झपाट्याने वाढते. पँट दिवाळीला शिवावी आणि होळीला आखूड व्हावी, असा तो काळ. तेव्हा हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागे राहतात. सांध्यांवर ताण येतो. नेमक्या याच वयात जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या निवडी सुरू होतात. म्हणजे शरीर सर्वांत नाजूक असताना सराव सर्वांत कडक!

आता टेनिसची सर्व्हिस डोळ्यांपुढे आणा. चेंडू वर उडतो, कंबर मागे वाकते, त्याच वेळी धड फिरते आणि एका बाजूला झुकते, मग सारे शरीर धनुष्यासारखे पुढे सुटते. मागे वाकणे आणि पिळणे या दोन्ही क्रिया एकाच क्षणी. याचा भार कंबरेच्या मणक्याच्या मागच्या, बोटाएवढ्याही जाड नसलेल्या हाडावर पडतो. एकदा केल्याने काही होत नाही. पण रोज शंभर सर्व्हिस, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे, असा हिशेब केला तर आकडा तीस हजारांपर्यंत जातो. पत्र्याची पट्टी एकाच जागी वाकवत राहिलो की तिथे चीर पडते, तशी त्या हाडाला बारीक चीर पडू शकते. क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज नेमकी हीच हालचाल करतो. टेनिसचे कोर्ट आपल्याकडे मोजक्याच जणांच्या वाट्याला येत असले, तरी हे दुखणे म्हणूनच आपल्या गल्लीतलेही आहे.

ट्रेसीच्या पाठीचे निदान मी इतक्या दुरून करणार नाही. पण वाढीच्या वयातल्या खेळाडूची कंबर दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल, तर डॉक्टरच्या मनात या चिरेची शंका आली पाहिजे. साध्या एक्स-रेमध्ये ती सुरुवातीला दिसतेच असे नाही. कधी एमआरआय करावा लागतो. वेळेवर ओळखली, तर साधारण तीनेक महिने तो खेळ बंद आणि पोट-पाठीचे व्यायाम एवढ्यावर बहुतेक मुले बरी होऊन पुन्हा खेळतात. ओळखली नाही, वरून मलम चोळत आणि गोळ्या देत खेळवत राहिलो, तर दुखणे कायमचे मुक्कामाला येते.

"एवढा रविवार निभावून न्या"

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा वेगवान गोलंदाज, चार महिन्यांत बोटभर उंच झालेला. वडील म्हणाले, "डॉक्टर, याच्या कंबरेत जरा उसण भरलीय. रविवारी निवड चाचणी आहे. एक इंजेक्शन द्या, एवढा रविवार निभावून न्या. मग हवी तेवढी विश्रांती देतो."

मी मुलाला एका पायावर उभे राहून मागे वाकायला सांगितले. डाव्या पायावर उभा राहून वाकताच त्याने ओठ दाबले. किती दिवस दुखतंय विचारले, तर वडीलच म्हणाले, "आठ दिवस." मी वडिलांना बाहेर केसपेपरचे बघून यायला सांगितले. दार लोटल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "काका, दिवाळीपासून दुखतंय. पण सांगितलं की बाबा काही बोलत नाहीत, नुसते गप्प बसतात. म्हणून सांगत नाही." तेव्हा शिमगा जवळ आला होता.

मी इंजेक्शन दिले नाही. वडील नाराज झाले. "एवढ्याशा दुखण्यासाठी पोराचं वर्ष घालवायचं का?" असे म्हणाले. मी त्यांना म्हटले, "वर्ष गेलं तर ते पुढच्या वर्षी परत येतं. पाठ गेली तर तुम्ही-मी दोघं मिळूनही आणू शकणार नाही." ते हाडाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणीत चीर निघाली. निवड हुकली, मुलगा घरी फार रडला. तीन महिन्यांनी त्याने व्यायाम सुरू केले आणि पुढच्या मोसमात तो खेळला. आता तो हौसेने खेळतो. भारतीय संघात गेला नाही. पण पाठ ताठ ठेवून मोटारसायकल चालवतो, पोती उचलतो, बापाच्या दुकानात उभा राहतो. माझ्या दृष्टीने हीसुद्धा कमाईच.

या हकिगतीतला खरा मुद्दा वडिलांचा रागीटपणा नव्हे. ते मुलावर जीव टाकणारे होते. मुद्दा असा, की हरणारा मुलगा पहिल्या फेरीत हरून घरी येतो. त्याला विश्रांती आपोआप मिळते. जिंकणारा मात्र पाच सामने खेळतो. मग चौदा वर्षांखालचा म्हणून, सोळा वर्षांखालचाही म्हणून, शाळेकडून, क्लबकडून, दुहेरीतही त्यालाच घेतात. प्रत्येक प्रशिक्षकाला आपला एकच सामना दिसतो. बेरीज कोणीच करीत नाही. म्हणजे ज्याच्यात गुण अधिक, त्याच्या कोवळ्या हाडांवर भारही अधिक. अति तेथे माती ही म्हण आळशांसाठी नाही, अशा गुणी मुलांच्या पालकांसाठीच आहे.

पालकांनी काय करावे?

पहिले, घरी कॅलेंडरवर बेरीज ठेवा. शाळेचा खेळ, क्लबचा सराव, सामने सगळे धरून आठवड्याचे तास मोजा. सोपा अडाखा असा: मुलाचे जितके वय, त्याहून जास्त तास आठवड्यात नकोत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास.

दुसरे, आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षात एकूण दोन-तीन महिने त्या खेळापासून दूर. सलग नको असतील तर एकेक महिना करून. त्या काळात मूल पोहेल, सायकल चालवेल, लंगडी खेळेल. बसून राहायची गरज नाही.

तिसरे, वयात येईपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. निरनिराळ्या खेळांत निरनिराळे स्नायू वापरले जातात.

चौथे, दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीची खूण करा. उंची झपाट्याने वाढत असेल, तर प्रशिक्षकाला सांगून तेवढे दिवस सराव हलका करा.

पाचवे, सामन्याआधी दुखण्यावरची गोळी देऊन मुलाला कधीही उतरवू नका. वेदना हा घरचा राखणदार आहे. त्याला गप्प केले म्हणून चोर जात नाही. शिवाय उन्हात, घाम जाऊन पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात.

सहावे, पोटभर खाऊ द्या. भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडी, गूळ-शेंगदाणे हे आपले नेहमीचेच अन्न पुरते. महागड्या पावडरींच्या डब्यांची गरज नाही. खेळाडू मुलीची पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे होऊनही सुरू झाली नाही, तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा ती खाणे कमी आणि खेळ जास्त असल्याची खूण असते. त्यात हाडे ठिसूळ होतात.

आणि डॉक्टरकडे केव्हा यावे? एकाच जागचे दुखणे दोन आठवड्यांवर गेले, मागे वाकताना कंबर दुखते, मूल लंगडते, सांध्याला सूज आहे, दुखण्याने रात्री जाग येते, कळ किंवा मुंग्या पायात उतरतात, पाठदुखीबरोबर ताप आहे किंवा वजन घटते आहे, तर विलंब नको. पाय लुळा वाटला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

मनाच्याही खुणा असतात. सरावाच्या वेळेला रोज पोटात दुखणे, झोप उडणे, चिडचिड, पूर्वी आवडणाऱ्या खेळाचे नाव काढताच तोंड फिरवणे. याला आपण नाटक म्हणतो. एखादे वेळी असेलही. पण महिनाभर चालणारे नाटक करण्याइतकी उसंत कोणत्या मुलाला असते?

ट्रेसी ऑस्टिनचा विक्रम आज पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ अबाधित आहे. तो मोडावा असे आपल्या मुलीलाही वाटू द्या, स्वप्ने पाहायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. फक्त यापुढे मूल मैदानावरून घरी आले की "जिंकलास का?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला विचारा, "कुठं दुखतंय का रे?" आणि त्याने हो म्हटले, तर गप्प बसू नका.